सोडचिठ्ठीचा कागद

(पहाट. अमळनेर स्टेशन. सुरतेहून आलेली गाडी)

या गाडीनं खानदेशातली पोरं सुरतेला कामाला जातात. कुणी लूमवर, कुणी साडीच्या गोदामात. काही संसार तिकडेच मोडतात आणि बाई पोरं घेऊन माहेरी येते.

(ओसरी. पत्र्याची पेटी उघडते. घडी घातलेला स्टॅम्प पेपर)

हा तिच्या घटस्फोटाचा कागद. शंभराचा स्टॅम्प, दोन सह्या, पाच पंच, नोटरीचा गोल शिक्का. दोन्हीकडची माणसं बसली, भांडी-दागिन्यांची वाटणी झाली, फारकत लिहिली गेली. हुई गयं, असं सगळ्यांनी धरलं.

पण झालं नाही. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्यातलं कलम २९ जातीच्या रूढीनं होणारी फारकत मानतं, हे खरं. मात्र तशी रूढी जुनी आणि अखंड चालत आलेली आहे, हे कोर्टात पुराव्यानं दाखवावं लागतं. नोटरीचा शिक्का तो पुरावा नव्हे. रूढी सिद्ध झाली नाही, तर कायद्याच्या लेखी ती आजही त्याची बायको आहे.

(जळगाव. कोर्टाचं आवार. झाडाखाली टायपिंग चाललेलं)

अर्ज इथेच टाईप होतो. त्यासाठी तिला सुरतेला जायची गरज नाही. बायको अर्जदार असेल, तर ती राहते तिथल्या कोर्टात दावा चालतो. २००३ साली झालेली ही दुरुस्ती गावोगाव सांगायला हवी.

टाईप करणारा आधी लग्नाची तारीख विचारतो. लग्नाला वर्ष झालं नसेल, तर अगदी असह्य हाल असल्याशिवाय कोर्ट अर्ज घेत नाही. मग कारण. छळ, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, संन्यास, सात वर्षं पत्ता नसणं. किंवा नवऱ्यानं सोडून देणं, पण त्याला सलग दोन वर्षं व्हावी लागतात. मारहाण झाली असेल, तर दवाखान्याची चिठ्ठी जपून ठेवा, बायांनो. तीच पुढे बोलते.

दोघं राजी असतील, तर वर्षभर वेगळं राहिल्यावर एकत्र अर्ज. पुढे सहा महिने थांबायचं. समेटाची आशाच उरली नसेल, तर ही मुदत कोर्ट माफ करू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली ते स्पष्ट केलं.

(सातपुडा. अक्कलकुव्याचा बाजार)

नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांची गोष्ट वेगळी. अनुसूचित जमातींना हा कायदा सहसा लागूच नाही. तिथे जमातीची रूढी चालते.

(पुन्हा ओसरी. मुलगी दप्तर भरते आहे)

कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं, तर तो गुन्हा ठरू शकतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पोटगीचा प्रश्न आहे, मुलांच्या ताब्याचाही.

(विधी सेवा प्राधिकरणाची खिडकी. रांगेत ती)

इथे स्त्रीला वकील फुकट मिळतो. उत्पन्नाची अट नाही. पिशवीत लग्नपत्रिका आहे, फोटो आहे, आधार आहे. आणि तो स्टॅम्प पेपरही.