स्वगत टेबलावर चढतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. शेक्सपिअरची शोकांतिका वेस्टर्न सिनेमात, म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या आणि पिस्तूलबाजांच्या सिनेमात न्यायची, तर राजाचा रँचमालक, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणाचा मालक करता येतो, तलवारीच्या जागी पिस्तूल येतं. गाडी अडते स्वगतापाशी. गुराखी बोलणार चार शब्द. त्याच्या तोंडी 30-35 ओळी शोभणार कशा?

जॉन फोर्डचा 1946चा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ घ्या. हे हॅम्लेटचं रूपांतर नव्हे, पण उत्तर तिथंच आहे. टूम्बस्टोन गावात एक फिरता नट आलाय. क्लँटन या गुंड कुटुंबातल्या मंडळींनी त्याला दारूच्या गुत्त्यात धरून ठेवलंय, टेबलावर उभं केलंय. तो ‘जगावं की मरावं’ सुरू करतो. क्लँटनांना त्यात काडीचा रस नाही. पण डॉक हॉलिडे हा पिस्तूलबाज आलाय, आणि त्याला ते ऐकायचंय. मध्येच म्हातारा नट अडखळतो, ओळी विसरतो. पुढचं तुम्हीच म्हणा, अशी डॉकला विनवणी करतो. आणि पिस्तूलबाज डॉक, क्षयानं पोखरलेला, हलक्या आवाजात पुढच्या ओळी म्हणतो: मरणानंतरच्या त्या मुलखाच्या, जिथून कुणी परत येत नाही. शेवटाकडे खोकल्याची उबळ येते, तो बाहेर पडतो. विसरलेल्या ओळी मरणाच्या दारातल्या माणसाकडे आल्या. स्वगत म्हणायला कारण मिळालं. पुन्हा सांगतो, स्वगताला कारण हवं.

कारण नसेल तर स्वगत कापा आणि त्याचं काम घटनेला द्या. डेल्मर डेव्हसच्या 1956च्या ‘ज्युबल’मध्ये ऑथेल्लो वायोमिंगच्या रँचवर येतो. (आपल्याकडे देवलांनी 1890मध्येच त्याचा ‘झुंझारराव’ केला.) ऑथेल्लोचे कान भरणारा खलनायक इयागो; इथला इयागो म्हणजे पिंकी. त्याला स्वगत नाही, म्हणून जळायला दिसेल असं कारण दिलंय: मालकिणीशी त्याचे जुने संबंध, आणि मुकादमी मिळते नव्या ज्युबलला. नाटकात खोटा पुरावा ठरणारा रुमालही इथं नाही, मालकीण स्वतःच ज्युबलचं खोटं नाव घेते.

इथं मात्र किंमत मोजावी लागते. डेस्डेमोना, म्हणजे ऑथेल्लोची बायको, निष्पाप उरत नाही. आणि ऑथेल्लोच्या जागचा, चवताळलेला मालक शेप बंदूक घेऊन येतो तेव्हा ज्युबल निःशस्त्र असतो. मित्र त्याच्याकडे पिस्तूल फेकतो, आणि मरतो शेप. वेस्टर्नला शेवटी जिवंत नायक लागतो, म्हणून सिनेमाचं नावही कॅसिओच्या, म्हणजे ऑथेल्लो ज्याच्यावर संशय घेतो त्याच्या, जागी आलेल्या ज्युबलचंच आहे.