बोअरचं पाणी आणि जाम झालेला बोल्ट

(दृश्य: महामार्गालगतचं पत्र्याचं गॅरेज, मे महिन्यातली दुपार. बॉनेट उघडी असलेली गाडी.)

जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. गाडी तापली की हाताशी येईल ते पाणी रेडिएटरमध्ये ओतलं जातं. कधी शेतातल्या बोअरचं, कधी हॉटेलच्या पिंपातलं. गाडी घरी पोहोचते आणि विषय तिथंच संपल्यासारखा वाटतो. दोन-तीन वर्षांनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप, बदलायची वेळ येते, तेव्हा त्याच्या झाकणाचा एखादा बोल्ट जागचा हलत नाही.

(दृश्य: बोल्टचं डोकं अगदी जवळून. भोवती पांढरं कडं.)

बोल्टच्या डोक्याभोवती चुन्यासारखी ही पांढरी पूड बघा. हा लोखंडाचा तांबडा गंज नव्हे, हे झिजलेलं ॲल्युमिनियम आहे. इंजिनचं हेड (वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा आणि मधे क्षारांचं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार झाली. या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आट्यांमध्ये ठासून बसते आणि बोल्टला चारी बाजूंनी आवळते. रेडिएटरमध्ये घालायच्या कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात, ती हेच थांबवतात. साधं पाणी घालत गेलं की ती पातळ होत जातात.

या जागी बहुतेक वेळा ६ मिमीचा बोल्ट असतो, त्याला १० नंबरची गोटी (सॉकेट) लागते. आट्यांच्या तळाशी त्याची जाडी ५ मिमीपेक्षाही कमी भरते. कसण्याचा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, जेमतेम १० न्यूटन-मीटर. त्यावर हातभर पाईप चढवला तर बोल्ट सुटत नाही, पिळवटून तुटतो. म्हणून इथे जोर वाढवायचा नसतो, आधी ती पूड फोडायची असते.

इंजिन थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण काढा आणि पाणी उतरवून घ्या. मग तारेच्या ब्रशने डोकं स्वच्छ करा. गोटी सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी टोकांवर धरते आणि डोकं गोल करून टाकते. फिक्स पाना तर लावूच नका. बोल्टच्या डोक्यावर बोथट छिन्नी सरळ उभी धरून अर्ध्या किलोच्या हातोडीने आठ-दहा मध्यम ठोके द्या. त्या हादऱ्याने पुडीला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मात्र झाकणाचे कान पातळ असतात, ठोका तिरका बसला तर कानच तुटेल.

आता गंज सोडवणारं तेल. डब्ल्यूडी-४० चालतं. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं घेऊन केलेलं मिश्रणही अनेक जण वापरतात. ते स्थिर राहत नाही, दर वेळी हलवून घ्यावं लागतं. ते पेट घेतं आणि रंगही खातं, त्यामुळे थेंबाथेंबानेच टाका. तेल टाकून लगेच पाना लावण्यात काही अर्थ नाही. तास-दोन तास द्या, जमलं तर रात्रभर. मधे दोनदा पुन्हा ठोके, पुन्हा तेल.

एवढ्याने सुटला नाही तर उष्णता द्या. आधी तेल पूर्ण पुसून घ्या. सारख्याच उष्णतेला ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून बोल्ट नाही, भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा. हॉट एअर गन पुरते. पाण्याचा थेंब तडतडून उडाला की थांबा. गॅसची ज्योत इथे नको. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, एकदम ढासळतं.

पाना लावल्यावर पहिली हालचाल कसायच्या दिशेने, अगदी केसभर. मग उलट. हाताला काय लागतंय ते ओळखणं हेच खरं कसब. ‘टक’ असा बारीक आवाज आला तर पकड सुटली. पाना फिरतोय पण रबर पिळल्यासारखं मऊ लागतंय, तर बोल्ट पिळतोय. तिथेच हात थांबला पाहिजे. ‘दम धर भो’ म्हणायची जागा ती हीच. सुटला तरी सरळ बाहेर ओढू नका. पाव फेरा उलट, अर्धा पाव सुलट, मधे तेल.

सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डच्या (इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) नटांचं गणित वेगळं. तिथे नट आणि स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) दोन्ही स्टीलचे, त्यामुळे नट गॅसने लाल करून गरम असतानाच सोडवता येतो. आधी ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर मात्र ज्योत किंवा वेल्डिंग लावू नका. क्लोरिनवाल्या क्लीनरपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

(दृश्य: तुटलेला बोल्ट, त्यावर नट.)

बोल्ट तुटलाच आणि थोडा वर राहिला असेल, तर त्यावर ८ मिमीचा नट ठेवून आतून वेल्ड करा. ६ मिमीच्या नटात वेल्डिंग तळापर्यंत पोहोचत नाही. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. वेल्डिंगनंतर हात लावता येईल इतकं निवू द्या, मग हलवा. तापून आकसलेला बोल्ट बऱ्याचदा इथेच सुटतो.

आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून २.५ मिमीपासून ड्रिल वाढवत ५ मिमीपर्यंत जा. मध्य चुकला तर ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे घसरतं. ईझी-आऊट, म्हणजे तुटलेल्या बोल्टच्या भोकात उलटं फिरवून तो काढायचं हत्यार, ६ मिमीच्या बोल्टला शक्यतो टाळाच. ते कडक आणि ठिसूळ असतं, आत तुटलं तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. आटे गेले असतील तर ६.३ मिमीचं भोक, हेलिकॉइलचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि नवे आटे देणारी ९ मिमी लांबीची तारेची कॉइल.

जोडताना टॅप फिरवून हवेने भोक साफ करा. बोल्ट नवाच घ्या, आट्यांना अँटी-सीझचा (बोल्ट जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्या. मॅन्युअलमधला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असेल तर तो साधारण पाचव्या हिश्शाने कमी ठेवा. मग कॉन्सन्ट्रेट कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. हीटर चालू ठेवून हवा निघू द्या, इंजिन निवल्यावर पातळी पुन्हा बघा. आणि एक लिटर तयार कूलंटची बाटली डिकीत टाकून द्या.