औषध भरणारा हात

[निफाड तालुका, पहाट. द्राक्षबागेतून फिरणारा ब्लोअर.]

फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर कोवळी फूट निघाली की उडद्या हा भुंगेरा येतो आणि बागेत ब्लोअर फिरू लागतो. सगळ्यांची नजर त्या फवाऱ्यावर. आपण बघूया त्याआधीचं, टाकी भरतानाचं.

[जवळून: बाटली, मापाचं झाकण, उघडा हात.]

कीटकनाशक औषध २० ईसी, म्हणजे पाण्यात मिसळणारं तेलकट द्रावण, त्यात २० टक्के मूळ विष. प्रमाण लिटरला २ मिली. ६०० लिटरच्या टाकीला १२०० मिली. टाकीत ते ५०० पट पातळ होतं. हातावर ओघळलेला थेंब मात्र बाटलीतलाच, तेवढाच जहाल. तो कातडीतून आत जातो. आग होत नाही, म्हणून हात पँटला पुसून काम चालू राहतं.

[अ‍ॅनिमेशन: चेतातंतूचं टोक, समोर स्नायू.]

मूठ आवळताना चेतातंतूच्या टोकातल्या इवल्या पिशव्या उघडतात, अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन बाहेर पडतं, स्नायूवर जाऊन बसतं. स्नायू आखडतो. पण मूठ सुटायची तर ते तिथून हटलं पाहिजे. ते काम अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइमचं. याचा एक रेणू सेकंदाला अ‍ॅसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. सुटलेलं कोलीन तंतू परत आत ओढतो आणि त्यातूनच नवा माल बनवतो.

लाळ, घाम, हृदयाची गती, डोळ्याची बाहुली, मेंदूतलं लक्ष आणि स्मरण, सगळीकडे हाच निरोप्या. १९२१ मध्ये शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी चेतातंतू चेतवून बेडकाचं हृदय मंदावलं, त्यातलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंदावलं. चेतातंतू रसायनातून बोलतो, हे तिथे दिसलं.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस ही कीटकनाशकं शरीरात गेल्यावर नेमकं हे एन्झाइम जखडतात, मग अ‍ॅसिटिलकोलीन हटतच नाही. किडा त्यानेच मरतो. आपल्या अंगातही तेच एन्झाइम आहे.

[दवाखाना. टॉर्चच्या उजेडात डोळा.]

विषबाधा झालेल्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. लाळ, छातीत घरघर, दंडाचं मांस फडफडतं. पुढे श्वासाचे स्नायू थकतात.

अ‍ॅट्रोपिन हा उतारा छातीतलं पाणी आटवतो; छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर ते देत राहतात. स्नायूंच्या अशक्तपणावर मात्र ते चालत नाही. प्रॅलिडॉक्झिम हा दुसरा उतारा एन्झाइम सोडवू शकतो, पण उशीर झाला की पकड कायमची होते. म्हणून मिठाचं पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, बाटली सोबत घेऊन निघा.

[टाकीपाशी: हातमोजे चढवणारे हात.]

कापडी मोजे नकोत, ते औषध शोषून कातडीला धरून ठेवतात. नायट्राइल रबराचे, कोपरापर्यंतचे घ्या. फवारणी संपली की मोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे, मग काढायचे.