अंगुस्तान

(मशीनचा आवाज. लालबाग, पोटमाळ्यावरचं दुकान.)

हे काकांचं मधलं बोट बघा, व्हिडिओ किडनीचा असला तरी सुरुवात इथून. टोकापासून मुळापर्यंत एकसारखं सुजलंय, डॉक्टर लोक याला सॉसेज म्हणतात, काकू म्हणतात मुळा. काका हसतात पण मशीन काही थांबवत नाहीत, गणपतीला अठरा दिवस उरलेत आणि मंडपाच्या झालरी अजून अर्ध्याच झाल्यात.

आता नख, जवळून. टाचणीने टोचल्यासारखे बारीक बारीक खड्डे. आणि शेजारच्या बोटात शिंप्याचं अंगुस्तान, त्यावरही तसेच खड्डे. डॉक्टरांच्या पुस्तकातसुद्धा या नखाला अंगुस्तानाचीच उपमा आहे, आम्हाला दोन्ही एकाच फ्रेममध्ये मिळाले म्हणून शॉट जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

सोरायसिस, कातडीचा आजार. हात लागल्याने पसरत नाही, हे ट्रेनमध्ये बाजूला सरकून बसणाऱ्यांसाठी. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उठते, महिनाभर लागणारं कातडीचं काम चार-पाच दिवसांत उरकतं म्हणून त्या खपल्या. आणि सोरायसिस असलेल्या ३० टक्क्यांपर्यंत लोकांचे सांधेही धरतात.

किडनी यात कुठून आली? काकांनीही हेच विचारलं, कारण इतकी वर्षं त्वचेच्या ओपीडीत केसपेपर काढतायत, लघवीची टेस्ट करा असं कुणी म्हटलंच नाही. ब्रिटनमधल्या पेशंटच्या रेकॉर्डवरून केलेला एक अभ्यास २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, त्यात तीव्र सोरायसिस असलेल्यांना किडनीच्या जुनाट आजाराचा धोका जवळपास दुप्पट दिसला, तोही बीपी-डायबिटीसचा हिशोब वेगळा काढून. सौम्य सोरायसिसमध्ये तसं दिसलं नाही, हेही सांगायला हवं.

(केमिस्टचं काउंटर. सुट्टे पैसे, गोळ्यांची पट्टी.)

पण आम्हाला जास्त काळजी या पट्टीची आहे. डायक्लोफिनॅक, काका दुखण्यावर घेतात ती पेनकिलर. किडनीत रक्त नेणारी बारीक नळी उघडी ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन बनवतं, पेनकिलर नेमकं तेच अडवते, दुखणं थांबतं आणि तिकडे नळी आवळते. त्यात अंगात पाणी कमी असेल तर अजूनच. काका दुपारभर पाणी पीत नाहीत, दुकानाला संडास नाही आणि नाक्यावरच्या पे अँड यूजला जायचं म्हणजे हे गुडघे घेऊन जिना उतरा, परत चढा.

ही झाडं मलबार हिलवरच्या डुंगरवाडीची, बाहेरूनच, आत कॅमेरा नेता येत नाही. पारशांच्या दखम्यांवर, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्यांवर, गिधाडं यायची. देशभरातली गिधाडं जवळपास संपली त्यामागे हेच औषध, गुरांना दिलेलं, मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं शरीर ते बरंच जास्त झेपवतं, मान्य, पण रोज दोन आणि सणाला तीन?

(लॅब. सेंट्रिफ्यूज फिरतंय.)

रक्ताचा नमुना फिरून थांबला की लाल खाली, पिवळं वर. त्या पिवळ्यातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, मोजतात, वय आणि लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढतात, तो तीन महिने ६०च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार. गोम अशी की किडनीचं निम्मं काम गेलं तरी क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. म्हणून ही दुसरी छोटी डबी, सकाळची पहिली लघवी. यात अल्ब्युमिन, रक्तातलं प्रोटीन, किती गळतंय ते बघतात, क्रिएटिनिनशी तुलना करून, त्याला एसीआर म्हणतात. एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की किडनीच्या चाळणीला भोकं मोठी झाली समजा. सुई नाही, उपाशीपोटी नाही, वर्षातून एकदा तरी करायला काय हरकत आहे.

हे काकूंचं कालनिर्णय. प्रत्येक रविवारी लाल गोल. मेथोट्रेक्सेटचा दिवस, ही सोरायसिसची गोळी, आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर जिवावर बेतेल अशी गोळी. ती किडनीतूनच बाहेर पडते, किडनी मंदावली की अंगात साठते, तोंड येतं, रक्तातल्या पेशी उतरतात, म्हणून काकू स्वतः काढून देतात आणि मग गोल करतात, आधी नाही.

काकांचा एसीआर दोनदा केला, दोन्ही वेळा ३०च्या वर आला. त्या दिवशी शूट नव्हतं. डायक्लोफिनॅकची पट्टी बंद झाली, मेथोट्रेक्सेटचा डोस कमी झाला, बीपीची गोळी सुरू झाली, पुढची तपासणी तीन महिन्यांनी.

(झालर. सोनेरी लेस. पायाखाली एक लिटरची बाटली, अर्धी.)

दुखतंय का आता? दुखतंय की, म्हणाले. आणि मग, व्हिडिओत दुकानाची पाटी दिसेल ना?