रात्रीची लाइन आणि घरातली उसंत

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'संसार सांभाळून लेखनाचा उत्साह कसा टिकवावा'. त्यावर बोलतोच. पण आधी रात्रीच्या लाइनीचं बोलू द्या, माझं बरंचसं लेखन तिच्यामुळेच झालेलं आहे.

शेतीच्या फिडरला एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की हरभऱ्याचं ओलित रात्रीच. यंदाच्या थंडीत अंधारात स्प्रिंकलरचे पाइप कोणी कोणी बदलले, हात वर करा बरं. बघा, मागच्या रांगेतल्या मावशींचाही हात वर आहे! ओल्या हरभऱ्यातून चाललं की पॅन्ट मांडीपर्यंत भिजते, पानांवरची आंब, ते आंबट दव, टाचांच्या भेगांत झोंबते, गारठलेल्या बोटांनी पाइपाचा जोड बसता बसत नाही. विंचूकाट्याची भीती वेगळीच. दिवसा वीज द्या, हे आपण किती वर्षांपासून म्हणतो आहोत? सोलर पंप आले, काहींची सुटका झाली. बाकीचे अजून टॉर्च घेऊन धुऱ्यावर उभे आहेत. याचा मला राग आहे, आणि तो मी प्रत्येक व्यासपीठावरून बोलून दाखवणार.

तर, एकदा सेट लावला की तो तीन-चार तास एका जागी चालतो. घरी जाता येत नाही. लाइन गेली तर कळायला हवं, रानडुकरं आली तर हाकलायला हवीत. म्हणून जागल. माझ्या कथा मोटारीच्या खोलीत, पोत्यावर बसून लिहिलेल्या आहेत. कान मोटारीकडे, हात वहीवर. आवाज बदलला की उठायचं. आणि मन किती निवांत असतं म्हणून सांगू! पाणी सुरू आहे, घरातल्या कोणाचं काही अडलेलं नाही, वेळ चोरल्याची टोचणी नाही.

अशीच एक कथा मी घरी वाचून दाखवली. हिने शेवटपर्यंत ऐकली, आवडली म्हणाली, आणि मग विचारलं, "अवो, तुमाले जागल हाये. मले काय हाये?"

हिला भुलाबाईची, म्हणजे पोरीबाळींच्या सणाची, गाणी लिहून काढायची होती. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या गल्लीत रोज ऐकू यायची, आता फार थोड्या घरांतून येतात. ती लिहीत होती कापसाच्या जुन्या काटापट्ट्यांच्या, म्हणजे वजनाच्या पावत्यांच्या, पाठीमागे, भाजी फोडणीला टाकता टाकता. एका पट्टीवर दीड कडवं, आणि पुढे हळदीचं बोट. ते बोट बघितलं आणि आजचं माझं म्हणणं तिथेच पक्कं झालं. उसंत ही घराची सामाईक मिळकत आहे, तिच्या सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं चढली पाहिजेत. आता शनिवारी संध्याकाळची चूल माझ्याकडे. वरण-भात, आलू-वांगं, पोरं पोटभर जेवतात. आई सुरुवातीला कुरकुरली, आता तीच ओसरीत बसून सुनेला गाणी सांगते.

याच मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरला, तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने ढवळे, म्हणजे लग्नगीतं, गायिली, तीही तिचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नसोहळ्यात, माणसांच्या गर्दीत. मराठीची पहिली कवयित्री ती. तिकडे खानदेशात बहिणाबाईंनी शेताघरात राबता राबता गाणी रचली. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरवून घेतली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली गाणी पुस्तकात आली. घरातल्या कोणीतरी लेखणी धरली म्हणून ती आज आपल्या तोंडी आहेत.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, साडेसहाला सामुदायिक प्रार्थना आहे. मग उत्साहाचं भराभर सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसांत लिहायला बसूच नका, वेचणाऱ्या बायांचं बोलणं ऐका, उन्हाळ्यात तेच कागदावर येतं. वही लपवून ठेवू नका. लपवलेल्या वहीची धास्ती असते, आणि धास्तीत काही सुचत नाही. लेकराला ताप असेल तर कथा मिटून ठेवा, ती कुठे जात नाही. सुचेनासं झालं तर घरातल्या दुसऱ्या कोणाला काय लिहायचंय ते विचारा आणि त्याचं लिहून द्या, आपलंही सुरू होतं.

आणि हो, ज्यांच्या घरी भुलाबाईची गाणी येणारी आजी असेल, त्यांनी प्रार्थना झाल्यावर जरा थांबा. ही समोरच बसली आहे, काटापट्ट्या घेऊन आली आहे, आणि काही गाण्यांची शेवटची कडवी तिला अजून मिळालेली नाहीत.