महागडी काच की बरोबर माप? प्रोग्रेसिव्ह चष्मा घेण्याआधी

हा चौकड्यांचा कागद आहे आणि त्यावर एक प्रोग्रेसिव्ह काच धरलीय, म्हणजे लांबच्यापासून वाचायच्या नंबरपर्यंत वरून खाली सलग बदलत जाणारी. मधला पट्टा बघा, वरून खाली येताना चौकडी मोठी होत जाते पण रेषा सरळ राहतात, आणि खाली डावीउजवीकडे गेलं की त्याच रेषा वाकायला लागतात. काच खराब नाहीये हां. प्रत्येक प्रोग्रेसिव्हमध्ये हे कमीजास्त असतंच, कितीही महाग घ्या.

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं बघताना ते पुरेसं फुगत नाही, म्हणून वाचायला वेगळा नंबर लागतो. बायफोकलमध्ये हा नंबर खालच्या तुकड्यात, मधे रेघ, लांबचं दिसतं, हातातलं दिसतं आणि कॉम्प्युटरचं अंतर मात्र राहून जातं. फ्रान्समध्ये बर्नार्ड मेटेनाझ या इंजिनिअरने नंबर वरून खाली सलग बदलत जाईल अशी काच घडवली, १९५९ मध्ये ती व्हॅरिलक्स नावाने बाजारात आली. रेघ गेली, पण मधल्या रेषेवर नंबर जितक्या वेगाने बदलतो त्याच्या साधारण दुप्पट वेगाने बाजूला नको असलेला सिलिंडर, म्हणजे चित्र धूसर आणि वाकडं करणारा तिरका नंबर, वाढतो, हे गणित चुकवता येत नाही. चांगलं डिझाइन तो धूसरपणा कुठे ढकलायचा एवढं ठरवतं.

मधला साफ पट्टा बरोबर बाहुलीसमोर यायला हवा, आणि म्हणूनच आता जे बघताय ते सगळ्यात महत्त्वाचं.

फ्रेम आधी चेहऱ्यावर नीट बसवून घेतली, नाकावर, कानामागे, सगळं. मग मापं. ऑप्टिशियन समोर बसलाय, डोळे त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला, कारण तो उभा राहिला असता तर समोरच्याने वर बघितलं असतं आणि खूणही वर गेली असती. आता मार्कर, फ्रेममध्ये आधीपासून असलेल्या बिननंबरच्या डेमो काचेवर बाहुलीच्या बरोबर समोर एक टिंब, मग दुसऱ्या डोळ्याचं वेगळं. वेगळंच घ्यायचं, दोन बाहुल्यांमधलं अंतर ६४ मिलिमीटर आलं म्हणून ३२-३२ धरून टाकायचं नाही, एकीकडे ३१ आणि दुसरीकडे ३३ असू शकतं. आणि त्या टिंबापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघा, बहुतेक डिझाइन्सना तिथे १४ ते १८ मिलिमीटर लागतात, फ्रेम फारच बुटकी असली तर वाचायचा भागच कापला जातो.

कोणी फ्रेम न घालताच माप घेत असेल तर थांबवा आणि सरळ विचारा, काचेवर खूण कधी करणार? हा प्रश्न विचारायला लाजू नका, काचेच्या कंपनीबद्दलच्या दहा प्रश्नांपेक्षा हा कामाचा आहे.

तयार काचेवर हे रंगाने छापलेलं अधिक चिन्ह दिसतंय ना, चष्मा घातल्यावर ते बाहुलीवर यायला हवं. बघितल्याशिवाय पुसू देऊ नका.

माप चुकलं की वाचताना हनुवटी वर करावी लागते, मान धरते, आणि मग चष्मा ड्रॉवरमध्ये.

सुरुवातीचे काही दिवस बाजूला बघायचं तर डोळे नाही, नाक वळवायचं. जिना उतरताना मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून पायरी बघायची, खालच्या भागातून ती धूसर दिसते आणि पाय चुकू शकतो. जुना चष्मा मधेमधे घालू नका, सवय लांबते. दिवसभर स्क्रीनसमोर असाल तर ऑफिस लेन्स, म्हणजे जवळच्या आणि स्क्रीनच्या अंतरासाठीची काच, वेगळी मिळते, पण ती घालून गाडी चालवायची नाही.

दोनेक आठवड्यांनीही जमत नसेल तर लगेच नंबर बदलू नका. काच जरा तिरकी धरून उजेडात बघा, ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कोरलेल्या खुणा दिसतील, कानाकडच्या खुणेखाली वाचनाचा वाढीव नंबरही असतो, २० म्हणजे २.००. त्यावरून ते पुसलेलं अधिक चिन्ह परत मांडता येतं, तेवढं मांडून आधी चेहऱ्यावर तपासायला सांगा.