खण मोजत, बाजीराव रस्त्याने

श्रोतेहो, नमस्कार. पुण्याचा बाजीराव रस्ता पायी बघायचा असेल तर सकाळी निघा. साडेसातच्या आत. दुकानांची शटरं वर गेली की रस्ता संपतो आणि पार्किंग सुरू होतं.

सुरुवात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून करा. १७३० च्या जानेवारीत याचा पाया घातला, १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं. चौथरे उरले. तिथे उभं राहून एवढं बघून घ्या, दगड राहिला आणि लाकूड गेलं. आपले जुने वाडे असेच उभे असतात. खाली घडीव दगडाचं जोतं, वर लाकडी सांगाडा, मध्ये विटा आणि चुना. भार पेलतात खांब आणि तुळया. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, साधारण पाच फुटांचा. रस्त्यावरून घराची ऐपत कळायला हवी असेल तर खण मोजा. पुन्हा सांगतो, मजले नाही, खण मोजा.

आता खणांवरून एक गोष्ट सांगतोच.

पावसाळ्यात आम्ही पाच-सहा जण शनिवार पेठेतल्या एका बोळात शिरलो. सर आली म्हणून एका वाड्याच्या देवडीत उभे राहिलो. आतून आजोबा आले. बंडी, धोतर, हातात अडकित्ता. "कोण हवंय?" म्हणाले. म्हटलं, "कोणी नाही, वाडा बघतोय." "मग बघा. चपला तिथंच राहू द्या."

आमच्यात आर्किटेक्चरचा एक विद्यार्थी होता. त्याने खिशातून लेझरवर चालणारं मोजायचं यंत्र काढलं, ओसरीच्या खांबावर लाल ठिपका टाकला आणि जाहीर केलं, "एक पूर्णांक बावन्न मीटर." आजोबांनी सुपारी कातरली. "म्हणजे पाच फूट. एवढ्यासाठी सेल जाळलास?"

मग त्यांनी जिना दाखवला. भिंतीच्या जाडीतच बसवलेला, काळोखा, पायऱ्या गुडघ्याएवढ्या. आधाराला वरून दोर लोंबत होता. माडीवर गेलो तर एक भलंमोठं लोखंडी कपाट! या जिन्यातून हे वर आलं कसं? आजोबा याच प्रश्नाची वाट बघत असणार, कारण ते लगेच पाटावर बसले. त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी कपाट दिलं. हातगाडी दारात आली, हमालांनी जिना बघितला आणि ते खालीच बसले. शेवटी बोळाकडच्या खिडकीचे गज काढले, चौकट काढली, तुळईला दोर बांधला आणि कपाट बाहेरून वर ओढलं. अख्खी पेठ सल्ला द्यायला हजर. अर्ध्यावर कपाट फिरलं आणि समोरच्या माडीच्या कठड्याला जाऊन टेकलं. तिथल्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडेच राहू दे, आम्हाला हवंच होतं."

"आणि तुळई?" विद्यार्थ्याने विचारलं. "सागवान आहे. करकरलीसुद्धा नाही." मग म्हणाले, "बिल्डरची माणसं येतात. म्हणतो, आधी कपाट खाली उतरवून दाखवा, मग बोलू."

असो. वेळ बराच गेला, पुढचं भरभर सांगतो. शनिवारवाड्याजवळच नानावाडा, नाना फडणवीसांचा, १७८० च्या सुमाराचा. मग अप्पा बळवंत चौक. इथे पुस्तकं घ्या.

त्याच्या पुढे उजव्या हाताला विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ सालचा. लगेच फोटो काढू नका. आधी समोरच्या पदपथावर जा आणि सज्जा नीट बघा. सुरूच्या झाडाच्या घाटाचे लाकडी खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी. यातला मूळचा भाग कोणता, असं विचारणारा क्वचितच भेटतो. १८७९ च्या आगीत या वाड्याचा पूर्वेकडचा, म्हणजे रस्त्याकडचा भाग जळाला आणि लोकवर्गणीतून, नगरपालिकेच्या मदतीने पुन्हा उभा राहिला. पेशवाई गेल्यावर साठ वर्षांनी लोकांनी पदरचे पैसे घातले, तेही लाकडी कोरीवकामासाठी! आज आपण अशाच दर्शनी भागांवर वाढदिवसाचे फ्लेक्स बांधतो. त्यासाठी लाकडात खिळे ठोकतात, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

तिथून तुळशीबाग समोरच. राममंदिराचं शिखर बघा, मग मंडईकडे वळा. मंडईची अष्टकोनी दगडी इमारत १८८६ ची, आणि तिथे खण मोजायच्या भानगडीत पडू नका, ते बांधकाम विलायती घाटाचं. मात्र भूक लागलेली असेल. मिसळ आसपास मिळते. तिखट सांगून घ्या, नाहीतर पुणेरी समजून गोड देतात.

नमस्कार.